सहा टनांची डबी

वैदेहीने संगणकाचा पडदा जिज्ञासाकडे वळवला. पडद्यावरची विजेच्या अडथळ्याची रेघ नऊ केल्विनपाशी आली, नऊ ओलांडून खाली गेली, आठ, सात, सहा, आणि कुठेही न अडखळता चारजवळ येऊन शून्यावर कोसळली.

"चार पॉइंट एक," वैदेही म्हणाली. "दोनदा केलं."

"अगं, नऊ यायला पाहिजेत."

"माहितीये. म्हणूनच दोनदा केलं."

महिन्याभरापूर्वी याच खोलीत, याच यंत्रावर, याच नमुन्यावर जिज्ञासाने स्वतः नऊ पाहिले होते. तेव्हा ती खुर्चीतून उठून उभी राहिली होती आणि शेजारच्या प्रयोगशाळेतल्या अनोळखी माणसालाही ओढून आणून रेघ दाखवली होती. आता त्या नवाचे पाच केल्विन कोणी खाल्ले, हे तिला काही केल्या कळेना.

हे केल्विन प्रकरण एकदा समजून घ्यायला हवं, नाहीतर पोरीचा जळफळाट वायफळ वाटेल. केल्विन म्हणजे शून्याखाली दोनशे त्र्याहत्तर अंशांपासून वर मोजलेलं तापमान. काही धातू असे असतात की त्यांना अमानुष थंड केलं, की त्यांच्यातून वीज कसलाही अडथळा न सोसता वाहू लागते. याला अतिवाहकता म्हणतात. ती जितक्या वरच्या तापमानाला सुरू होईल तितकं चांगलं, म्हणून जगभरची शहाणी माणसं त्यापायी डोकी आपटून घेत असतात. तापमान वर नेण्याचा एक मार्ग म्हणजे दाब. धातू इतका दाबायचा की अणू एकमेकांच्या अंगावर आले पाहिजेत. पण सगळ्या धातूंचा स्वभाव सारखा नसतो. शिसं नाहीतर कथील दाबलं तर ते उलट खाली उतरतं. जिज्ञासाकडे होतं तीन धातूंचं एक संयुग, ज्याचं नाव खरवईतल्या तिच्या घरात कोणालाही धड म्हणता येत नसे. दाब नसताना ते चार केल्विनला अतिवाहक होई. दाबलं की चढे. वातावरणाच्या वीस हजार पट दाबाला ते नवावर पोचलं होतं. हे नऊ म्हणजेच तिचा प्रबंध. पाच वर्षांत तिच्या हाती दुसरं काही लागलं नव्हतं.

देवदत्त सर तिचे मार्गदर्शक. माणूस सभ्य, पण या विषयात सगळेच हल्ली दुधाने तोंड पोळल्यासारखे वागतात. दाबाखालच्या अतिवाहकतेचे दोन-तीन गाजावाजा झालेले दावे अलीकडेच मागे घ्यावे लागले होते आणि त्यात मोठमोठ्यांची तोंडं काळी झाली होती. तेव्हापासून सरांचा नियम एकच, की एकाने पाहिलेलं दुसऱ्याने त्याच नमुन्यावर पाहिल्याशिवाय ते घडलंच नाही असं समजायचं. म्हणून ही दुसरी मोजणी त्याच गटातल्या वैदेहीकडे होती, जी जिज्ञासाहून दोन वर्षांनी मोठी आणि कामाला चोख होती.

सरांनी दोन्ही रेघा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या.

"तू नऊ कसे पाहिलेस?" ते म्हणाले.

प्रश्न साधाच होता, पण जिज्ञासाला तो चपराकीसारखा लागला. तुला नऊ कसे दिसले, असं विचारलं असतं तर तिला चाललं असतं.

"सर, वायर तपासते. थर्मामीटर तपासते."

"तपास. दिवाळीनंतर हा क्रायोस्टॅट दुसऱ्या गटाकडे जाणार आहे, तेवढं लक्षात ठेव."

क्रायोस्टॅट म्हणजे ते थंड करायचं यंत्र. जिज्ञासाने मग चार दिवस त्या यंत्राचा पिच्छा पुरवला. थर्मामीटर बदलला, तोच आकडा. जोडण्या नव्याने केल्या, तोच आकडा. वैदेही मदत करत होती, पण तिच्या मदतीत एक हळुवारपणा आला होता, आजारी माणसाशी बोलताना येतो तसा, आणि जिज्ञासाला तिचा गळा धरावासा वाटे. पार पिसाळली होती पोरगी. जेवणाच्या टेबलावर कोणी नुसतं "काय म्हणतंय काम?" विचारलं तरी ती असं बघायची की पुढचा माणूस ताट उचलून दुसरीकडे जाई.

एकच गोष्ट तपासता येत नव्हती, ती म्हणजे आतला दाब. खरं तर नमुन्याशेजारी शिशाची बारीक तार ठेवतात. शिसं किती खाली उतरलं यावरून दाब किती हे आतल्या आत कळतं. ही तार सप्टेंबरातच तुटली होती. ती जोडायची तर सगळं उघडावं लागलं असतं. सर तेव्हा म्हणाले होते, राहू दे, दाब द्यायच्या प्रेसचा काटा आहे ना.

आणि प्रेस होता तिच्या पप्पांच्या गाळ्यात.

संस्थेचा स्वतःचा प्रेस वर्षभर तेल गळत बसला होता आणि त्याच्या दुरुस्तीचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होते. जिज्ञासाचे पप्पा, हरेश, यांचा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा होता. दोन लेथ, एक ड्रिल, आणि उल्हासनगरच्या एका सिंधी शेटकडून घासाघीस करून आणलेला तीस टनांचा हायड्रॉलिक प्रेस. बेअरिंग बसवायची, दांड्याभोवतीचे धातूचे बुश काढायचे, अशी कामं त्यावर चालायची. जिज्ञासाने सरांना गाळा दाखवला, काट्याची तपासणी करून घेतली, आणि काम सुरू झालं. मुठीत मावेल एवढं मिश्रधातूचं जाड नळकांडं, त्याच्या पोटात तेलात बुडवलेला तांदळाच्या कणीएवढा नमुना, वरून दट्ट्या. प्रेसखाली ठेवून सहा टन द्यायचे आणि तो दट्ट्या तिथेच अडवायला वरचा नट आवळायचा. मग प्रेस काढला तरी सहा टन आतच राहतात. संस्थेत त्याला सेल म्हणत, घरात डबी. पप्पा शेजारच्या गाळेवाल्यांना सांगत, "पोरगी पिशवीतून सहा टन घेऊन फिरते," आणि छाती पुढे काढत.

शनिवारी रात्री जेवायला सगळे बसले होते. आईने तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण केलं होतं, म्हणजे घरात सगळं ठीक आहे असा तिचा समज होता. पप्पांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "काय गो, आला का तुझा नऊ?"

झालं. जिज्ञासाने चार दिवसांचं सगळं ओकून टाकलं. वायर, थर्मामीटर, सरांचा प्रश्न, वैदेहीचा तो हळुवार आवाज. "सगळे समजतात मी खोटं बोलले! कोणी तोंडावर म्हणत नाही एवढंच!"

"अगो, जेव तरी," आई म्हणाली. "असा कसा होईल? नवमीला तर तुझी डबी पन पूजेत ठेवली व्हती. झेंडूचा फूल वाहिला तिला मी."

"पूजेत ठेवली म्हणजे? गाळ्यातल्या कपाटात होती ना ती?"

"सगल्यांबरोबर ठेवली," पप्पा म्हणाले. "खंडेनवमी ती. आपला रिवाज तुला काय सांगायला हवा?"

नको होता सांगायला. जिज्ञासाचा घास हातातच राहिला.

तिचे आजोबा, हरिचंद्र, खाडीकडच्या मिठागरावर कामाला होते. खंडेनवमीला ते फावड्याचे दांडे काढून ठेवायचे. औजार वर्षभर ताणात असतं, एक दिवस त्याला मोकळं ठेवायचं, ही त्यांची श्रद्धा. मिठागर गेलं, पप्पांच्या हातात यंत्रं आली, पण रिवाज राहिला. नवमीला गाळ्यातले सगळे वाइस, म्हणजे काम धरायचे शिकंजे, उघडे, लेथचे पट्टे उतरवलेले, प्रेसचं तेल टाकीत परत सोडलेलं. गाळ्यात त्या दिवशी काहीही आवळलेलं राहता कामा नये. मग हळदकुंकू, नारळ, पेढे. लहानपणी वाइसचे दांडे फिरवून ते सैल करायचं काम जिज्ञासाकडेच असायचं. ती ते नाचत करायची.

"पप्पा," ती म्हणाली, "डबीचा नट सोडलात?"

"मंग? सगला सोडला तशी ती पन सोडली. कडक व्हती, पान्याला पाइप लावायला लागला. मंग दसऱ्याला परत लावली ना. तुझी लाल रेघ हाय ना तिच्यावर, ती बरोबर जुलवून लावली. केसभर इकडं नाय की तिकडं नाय."

नट हलला तर कळावं म्हणून तिनेच नटावर आणि नळकांड्यावर मिळून लाल मार्करची एक रेघ ओढली होती. संस्थेत डबी देताना तिने ती रेघ वैदेहीला मोठ्या तोऱ्यात दाखवलीही होती, की बघ, जशीच्या तशी आहे. नटाच्या प्रत्येक फेऱ्याला ती रेघ एकदा जुळते, हे तेव्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

"एक फेरा कमी लागला असेल," जिज्ञासा म्हणाली. तिचा आवाज चढू लागला. "एक फेरा, पप्पा! दीड मिलिमीटर! आत काहीच उरलं नसेल! रिकामी डबी दिली मी त्यांना!"

"माझ्या हातून? फेरा चुकंल?" पप्पांनी भाकरी खाली ठेवली. "तीस वरसा नट लावतंय मी."

"पाइप लावून सोडवलात म्हणता, आणि परत लावताना पाइप लागला?"

पप्पांनी ताट जरा पुढे सारलं. मग म्हणाले, "कडक झाला तवर आवळला. रेघ जुलली. थांबलो."

"प्रेस न लावता सहा टन परत कुठून येणार? मला एक फोन करायला काय झालं होतं?"

"सणासुदीला फोन करून विचारू, गो बाय, तुझ्या डबीला मोकला करू का? घरचा रिवाज तो. तुला म्हाईत नव्हता का? तूच ठेवून गेलीस ना ती तिथं."

हे शेवटचं खरं होतं आणि म्हणूनच ते तिला सगळ्यात जास्त झोंबलं. ती पुढचा, त्याहून वरचा दाब द्यायला डबी घेऊन आली होती. सरांचा फोन आला की वर जाऊ नकोस, आधी वैदेहीला आहे ते पुन्हा बघू दे. मग तिने डबी गाळ्यातल्या कपाटात ठेवली आणि परिषदेचा लेख लिहायच्या नादात नवमी आली नि गेली. राग स्वतःवरही होता, पण स्वतःवर ओरडता येत नाही, म्हणून तो सगळा पप्पांवर निघाला.

"पाच वर्षं घालवलीत माझी! एका नारळासाठी!"

"ओरडू नको," पप्पा म्हणाले. "मना नाय पटत. तुमचा तो थंडीचा मशीनच बिघडला असंल. आधी तो बघा." आणि ताटावरून उठले. कोलंबीचं कालवण तसंच राहिलं आणि त्याचा राग आईने भांडी आदळून काढला.

सोमवारी जिज्ञासाने सरांना सगळं सांगितलं. खंडेनवमी, मिठागर, फावडी, रेघ, फेरा. सांगताना तिला स्वतःलाच ते रचलेलं वाटू लागलं. सरांनी वैदेहीला नटाखालची फट मोजायला लावली. दीड मिलिमीटर भरली. पण आधी ती फट किती होती हे कोणी मोजलंच नव्हतं, त्यामुळे त्या दीड मिलिमीटरला काही अर्थ नव्हता.

"मला तुझं पटतं," सर म्हणाले, "पण मला पटून उपयोग नाही. बाहेर हे सांगितलं तर लोक हसतील. सेल पूजेत होता म्हणे!"

"सर, पुन्हा सहा टन देऊ. नमुना शाबूत आहे, चारला उतरतोय म्हणजे मोजायच्या तारा पण धड आहेत. नऊ आले तर?"

सर तयार झाले, पण अटीवर. एकदाच. वैदेही जाईल, वैदेही दाब देईल, वैदेही परत आणेल आणि वैदेही मोजेल. जिज्ञासाने सेलला हात लावायचा नाही. तिच्या घरच्या कोणीही लावायचा नाही. दाब देताना घरचं माणूस गाळ्यात असता कामा नये.

"गाळा त्यांचाच आहे, सर."

"म्हणूनच."

गुरुवारी वैदेही अंबरनाथला आली. पप्पांनी गाळा धुऊन काढला होता, प्रेसची बैठक चकचकीत पुसली होती, आणि पाहुणीसाठी समोरून बिसलेरीची बाटली आणून ठेवली होती. घरात शनिवारपासून बापलेकींचं बोलणं कामापुरतंच होतं. तरी आज ते स्वच्छ शर्ट घालून प्रेसच्या दांड्याशी उभे राहिले, नेहमीसारखे.

"पप्पा," जिज्ञासा म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबायचं आहे."

"मी?"

"मी पण थांबते. सरांची अट आहे."

"माझ्या गाल्यातून मीच भायेर?"

शेजारच्या गाळ्यातला माणूस बघत होता. जिज्ञासाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तिने मान खाली घातली नाही. पप्पांनी प्रेसकडे एकदा पाहिलं, हातातलं फडकं वैदेहीच्या समोर टेबलावर ठेवलं आणि बाहेर जाऊन चहाच्या टपरीजवळच्या स्टुलावर बसले. जिज्ञासाने शटर अर्धं ओढलं आणि त्यांच्याजवळ उभी राहिली.

आतून दांड्याचा आवाज येऊ लागला. एक, दोन, तीन, चार. वैदेही दांडा मारत होती आणि काटा चढत नसावा. पप्पा स्टुलावर चुळबुळू लागले. आणखी आठ-दहा दणके झाले. त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागली.

"तिनं व्हॉल्व पुरा बंद नाय केला," ते पुटपुटले.

"करेल ती."

"तेल परत जातंय गो. आयकू येतंय ना." आणि न राहवून त्यांनी शटरच्या दिशेने हाक दिली, "मॅडम, डावीकडचा व्हॉल्व—"

"पप्पा!" जिज्ञासा ओरडली, एवढ्या जोरात की टपरीवाल्याच्या हातातली किटली थांबली. "एक शब्द नका बोलू! तुमचा एक शब्द ऐकला तर ती सगळं सोडून निघून जाईल! अजून किती वाटोळं करायचंय?"

पप्पांनी तोंड मिटलं. त्यानंतर वैदेहीला तो व्हॉल्व सापडेपर्यंत पाऊण तास गेला, आणि तो पाऊण तास ते आपल्याच गाळ्यासमोर मांडीवर हात ठेवून, आपल्याच प्रेसचे हाल ऐकत बसले. शेवटी दांड्याचा आवाज जड झाला, मग पाना फिरल्याचा आवाज आला. वैदेही घामाघूम होऊन बाहेर आली. सहा टन, नट आवळलेला, फट मोजलेली, आणि नटावर लाख लावून ठसा मारलेला. तिने डबी पिशवीत घातली आणि रिक्षात बसून गेली. बिसलेरीची बाटली तशीच राहिली.

पुढचे दोन दिवस जिज्ञासाने कसे काढले ते तिलाच माहीत. संस्थेत जायचं नव्हतं, मोजणी होईपर्यंत लांब राहा असा निरोप होता. पप्पा मात्र बरेच सावरले होते. आईशी ते जिज्ञासाला ऐकू जाईल अशा बेताने बोलत. "बघ तू, आता पन चारच येणार. मशीन बिघडलेला हाय त्यांचा. मना म्हाईत हाय." जिज्ञासाच्या डोक्यात तिडीक जाई. आपला हात चुकला नाही एवढं ठरावं म्हणून या माणसाला आपल्या मुलीचे चार चालतात, असं तिच्या मनात येई, आणि असं मनात आलं याचाही तिला राग येई.

शनिवारी दुपारी फोन वाजला.

"आठ पॉइंट नऊ," वैदेही म्हणाली. तिचा आवाज आता अजिबात हळुवार नव्हता, फाटला होता. "आठ पॉइंट नऊ गं! दोनदा केलं! सर म्हणतायत लिहायला घे! जिज्ञासा, ऐकतेयस ना? तुझंच बरोबर होतं!"

जिज्ञासा स्वयंपाकघरात आईच्या गळ्यात पडून रडली आणि हसली. आई "काय झाला, काय झाला" करत राहिली. मग स्कूटर काढून ती थेट अंबरनाथला गेली. रस्ताभर ती मनाशी वाक्यं जुळवत होती. आता सांगा म्हणावं मशीन बिघडलंय. आता बोला.

पप्पा एकटेच होते. लेथवर एक बुश लावून व्हर्नियर मापीने त्याचं माप घेत होते. ती आत येताच त्यांनी लेथ बंद केला आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"आठ पॉइंट नऊ आले," ती म्हणाली.

त्यांचा चेहरा क्षणभर खरोखर उजळला. "मंजे नऊच."

"नऊच."

"चांगला झाला. तुझा काम झाला." ते हात पुसू लागले. पुसून झाले तरी पुसत राहिले. "मंग मशीन नव्हता बिघडला तुमचा."

"नाही."

"आन तुझा पयला नऊ पन बरोबरच होता."

"हो."

"मंजे माझ्याच हातून गेला तो," पप्पा म्हणाले. "मी आपला समजत होतो, दुसरा काय असंल."

आठ दिवस जिज्ञासाला हेच ऐकायचं होतं, आणि आता ते ऐकवत नव्हतं. तेल झिरपलं असेल, नमुनाच आखडला असेल, असं काहीतरी सांगता आलं असतं. वैदेहीकडून वदवूनही घेता आलं असतं. पण पप्पा तिच्याकडे बघत होते ते काट्याकडे बघावं तसे, आकडा जो असेल तो कळावा म्हणून. त्यांना खोटा आकडा देणं तिला जमेना.

"हो, पप्पा," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. मग लेथमधून तो बुश सोडवून हातात घेतला, पुन्हा एकदा माप लावलं, आणि मापी उजेडाकडे धरून आकडा नीट वाचला. मग तो बुश आणि मापी दोन्ही त्यांनी तिच्या हातात दिलं.

"जरा तू बघ गो," ते म्हणाले. "बरोबर हाय का सांग."